खरं कार्ड कोणाकडे होतं

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असं मला वाटतही नाही. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. बर्मिंगहॅम आणि आसपासच्या भागात अठ्ठावीस वर्षं पोलिसात काढली, त्यातली शेवटची सात फसवणूक विभागात डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून. खून पाहिले, दरोडे पाहिले, घरातल्या मारहाणी पाहिल्या. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा राग काळाबरोबर ओसरला. या केसचा ओसरला नाही, कारण त्यातला निम्मा राग माझ्यावरच आहे.

मी मूळचा नागपूरचा. वडील इंजिनिअर म्हणून इथे नोकरीला आले तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पोलिसात भरती झालो त्या वेळी आमच्या ठाण्यात भारतीय चेहऱ्याचे आम्ही दोघंच. तेव्हापासून मला एक सवय लागली. आपल्या माणसाची केस समोर आली की दुप्पट ताठ व्हायचं. सार्जंटने आपल्यातल्याला सांभाळून घेतलं, असं मागून कोणी म्हणायला नको. या सवयीचा मला अभिमान होता. वरिष्ठांनी माझ्या वार्षिक अहवालात तिचं कौतुकही केलं होतं.

केस सुरू झाली एका फोनने. फोन करणारा गृहस्थ जुन्या फुटबॉल कार्डांचा जाणकार होता. लहान मुलांच्या पाकिटातून निघणारी खेळाडूंची कार्डं आता मोठ्या किमतीला विकली जातात, हे मला तोवर ऐकून माहीत होतं, एवढंच. त्याने मला सविस्तर समजावलं. एखाद्या खेळाडूचं अगदी पहिल्या मोसमातलं कार्ड म्हणजे रुकी कार्ड. तो खेळाडू पुढे गाजला की त्या कार्डाला भाव येतो. तपासणी करणाऱ्या कंपन्या असतात, त्या कार्ड अस्सल आहे का ते बघतात, दर्जा ठरवतात आणि जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून देतात. डबीवर लेबल, लेबलवर नंबर. तो नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की त्या कार्डाचा फोटो दिसतो.

"बालपणी कार्डं जमवलेली माणसं आता पन्नाशीला परत या छंदाकडे वळतात," तो म्हणाला. "त्यांना मधल्या काळातलं काही माहीत नसतं. त्यांची फसवणूक होऊ नये म्हणून मी एक ऑनलाइन ग्रुप चालवतो. आणि आता आमच्याच ग्रुपमध्ये एक लबाड निघालाय. तो डॉक्टर आहे, सार्जंट. हॉस्पिटलमध्ये कन्सल्टंट. वाईट वाटतं सांगायला."

दुसऱ्या दिवशी तो स्वतः ठाण्यात आला. नीटनेटकी फाइल, तारखेप्रमाणे लावलेले संदेशांचे प्रिंट, वर अनुक्रमणिका. अशी फाइल घेऊन येणारा तक्रारदार पोलिसांना किती आवडतो, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. रोज आमच्यासमोर रडणारी, गोंधळलेली, अर्धवट आठवणारी माणसं बसतात. हा स्वच्छ, शांत, मुद्देसूद. मी त्याला आमच्या खोलीत बसवून चहा दिला. छपाईच्या धंद्यात सारं आयुष्य गेलं, त्यामुळे नकली कार्ड आपल्याला लांबूनही ओळखता येतं, असं तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे लिहिलं, 'तज्ज्ञ म्हणून उपयोगी'.

त्याची माहिती अशी. ग्रुपमधल्या या डॉक्टरने एका जुन्या विंगरचं, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या खेळाडूचं, रुकी कार्ड ब्रॅकनेलला राहणाऱ्या एका सॉफ्टवेअरवाल्याला विकलं होतं. किंमत चांगल्या सेकंडहँड गाडीइतकी. ब्रॅकनेलच्या माणसाला नवी डबी हवी होती म्हणून त्याने ते कंपनीकडे पाठवलं आणि कंपनीने कळवलं, की कार्ड नकली आहे, डबी नकली आहे, लेबलही नकली आहे. नंबर तेवढा खरा, पण त्याच खेळाडूच्या दुसऱ्या, अस्सल कार्डाचा.

याच खेळाडूच्या, याच नंबरच्या नकली कार्डांच्या आणखी पाच तक्रारी आमच्याकडे धूळ खात पडल्या होत्या. विकणारा सापडत नाही म्हणून त्या बंद केलेल्या. आता एक नाव मिळालं, पत्ता मिळाला, आणि तो कुठे पळून जाणारा नव्हता. सामान्य वाचकांना एक गोष्ट सांगतो, कारण आता मला कोणी थांबवू शकत नाही. पोलीस तपास नेहमी सर्वांत मोठ्या गुन्हेगाराच्या मागे जात नाही. बऱ्याचदा ज्याचा पत्ता हातात असतो, त्याच्या मागे जातो.

डॉक्टरचं आडनाव मराठी होतं. मी ते वाचलं आणि नेहमीप्रमाणे ताठ झालो.

त्याला पत्र पाठवून बोलावलं असतं तर तो आपणहून आला असता. वकील घेऊन आला असता, जबाब देऊन घरी गेला असता. तसं करण्याची मुभा होती. पण अटक केली की घराची झडती लगेच घेता येते, म्हणून मी अटक केली. सकाळी पावणेआठची वेळ, रस्त्यावर शाळेला निघालेली मुलं, गाड्या काढणारे शेजारी. दोन पोलीस गाड्या त्याच्या दारात. डॉक्टर दाराशी आला तो हॉस्पिटलचं ओळखपत्र गळ्यात घालूनच. मी अटकेचं कारण सांगितलं. त्याला एकदम अर्थबोध झाला नसावा. आमची माणसं कपाटातली कार्डं खोक्यात भरू लागली तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "प्लीज, त्या डब्या उलट्या नका धरू."

त्याची बायको पुण्याची. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या जॅकेटवरची नावाची पट्टी तिने वाचली.

"तुम्ही मराठी आहात का हो?" तिने विचारलं.

मी इंग्रजीत उत्तर दिलं, की मला काम करू द्या.

चौकशी त्याच दिवशी दुपारी झाली. ठाण्याची चौकशीची खोली म्हणजे एक टेबल, भिंतीला लागून ध्वनिमुद्रण यंत्र, चार खुर्च्या. मी, माझी सहकारी कॉन्स्टेबल, डॉक्टर आणि सरकारतर्फे दिलेला वकील. माझी सहकारी वेल्सची होती, तिशीची, हुशार आणि अजिबात मागेपुढे न बघणारी. मी डॉक्टरला त्याचे हक्क वाचून दाखवले आणि सुरुवात केली.

डॉक्टर पॅथॉलॉजिस्ट होता. वय बावन्न. त्याचे वडीलही डॉक्टर, तो पाच वर्षांचा असताना इथे आलेले. त्या काळात भारतातून आलेल्या तरुण डॉक्टरांना सहा महिने एका हॉस्पिटलात, सहा महिने दुसऱ्यात, असं फिरावं लागायचं. त्यामुळे डॉक्टरने अकरा वर्षांचा होईपर्यंत सात शाळा पाहिल्या.

"नव्या शाळेत पहिल्या दिवशी माझ्याशी कोणी बोलत नसे," त्याने सांगितलं. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं. "पण खिशातून कार्डं काढली की मुलं जवळ यायची. डबल असलेली बदलायची असायची ना. तो विंगर त्या वर्षी नवीन आला होता, त्याला कोणी ओळखत नव्हतं. मला वाटायचं तो माझ्यासारखाच आहे. एका बदलीच्या वेळी कार्डांचा डबा हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्येच राहिला. आई परत विचारायला गेली होती, तोवर टाकून दिला होता."

"मुद्द्यावर या," मी म्हणालो.

मुद्दा त्याने सांगितला. दोन वर्षांपूर्वी तो या छंदाकडे परत वळला. ग्रुपमध्ये सामील झाला. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून त्याने ते रुकी कार्ड घेतलं, डबीतलं, लेबल असलेलं. घेण्याआधी नंबर तपासला. ग्रुप चालवणाऱ्यालाही विचारलं, तो म्हणाला, कार्ड उत्तम आहे, घ्या. वर्षभराने त्याच खेळाडूचं आणखी चांगलं कार्ड एका लिलावात मिळालं, म्हणून पहिलं त्याने घेतलेल्या किमतीलाच ब्रॅकनेलच्या माणसाला दिलं.

"तो ऑनलाइन विक्रेता कुठे आहे?"

"त्याचं अकाउंट बंद झालंय."

"सोयीचं आहे."

"पैसे दिल्याची नोंद माझ्याकडे आहे."

"पैसे कुणालाही, कशासाठीही दिलेले असू शकतात. डॉक्टर, तुम्ही खरं कार्ड घेतलं, खरं ठेवून घेतलं आणि नकली विकलं, असंही असू शकतं ना?"

असले प्रश्न विचारण्यात मी तरबेज होतो. माणूस उत्तर द्यायला तोंड उघडतो तोवर पुढचा प्रश्न. वकील मध्ये बोलला, त्यालाही मी गप्प केलं. अर्ध्या तासाने डॉक्टरचे हात थरथरायला लागले. माझ्या अनुभवात हात थरथरणं म्हणजे खोटं पकडलं जाणं. थरथर अपमानानेही होते, हे मला माहीत असायला हवं होतं. माझे वडील फोरमनसमोर तसे थरथरलेले मी पाहिले होते.

आणि मग तो मराठीत बोलला. त्याचं मराठी इथे वाढलेल्या मुलांचं, लिंगवचनाचा घोळ असलेलं. माझ्याकडे सरळ बघून त्याने विचारलं, "अहो, ही नंबर तर खरी आहे ना? मग त्या नंबरची खरी कार्ड कोणाकडे तरी असेल ना? त्याला विचारला का तुम्ही?"

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. "ध्वनिमुद्रण इंग्रजीत चाललंय," मी इंग्रजीत म्हणालो. "आणि प्रश्न मी विचारतोय."

 संध्याकाळी तपास चालू ठेवून आम्ही त्याला सोडलं. नियमाप्रमाणे त्याच्या हॉस्पिटलला आणि डॉक्टरांच्या नोंदणी संस्थेला कळवलं. दाराबाहेरच्या बाकावर त्याची बायको सकाळपासून बसून होती. मी जवळून जात होतो तेव्हा तिने मला थांबवलं.

"सकाळी तुमचं नाव वाचलं तेव्हा मला धीर आला होता," ती म्हणाली. आवाज शांत होता. "वाटलं, निदान हे नीट ऐकून घेतील. पाच मिनिटं तसं वाटलं मला."

मी तसाच पुढे गेलो. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मी स्वतःवर खूश होतो.

पुढचे अडीच महिने काय झालं ते मला नंतर कळलं. पॅथॉलॉजिस्टचं सगळं काम त्याच्या सहीवर चालतं. गाठ कॅन्सरची आहे की नाही, हे तो लिहितो आणि त्यावर दुसरे डॉक्टर ऑपरेशन करतात. ज्याच्यावर लबाडीचा आरोप आहे त्याची सही कशी चालायची? हॉस्पिटलने त्याला रिपोर्ट करण्यापासून बाजूला काढलं. तो रोज कामावर जायचा आणि एका खोलीत बसून जुन्या फाइली लावायचा. मराठी मंडळाच्या लोकांपर्यंत बातमी गेली. आमच्याकडे कुणाच्या घरी पोलीस आले हे कळायला दोन दिवस पुरतात. मंडळाच्या कार्यक्रमात डॉक्टर वैद्यकीय मदतीच्या टेबलावर बसायचा, त्या वर्षी त्याला कोणी बोलावलं नाही. कोणी काही म्हटलंही नाही. फक्त फोन आला नाही.

इकडे ग्रुपवाला मला दर आठवड्याला फोन करत होता. तपास कुठवर आला, आणखी काही मदत हवी का. ग्रुपमधल्या लोकांनाही तो लिहीत होता, की आपण पोलिसांबरोबर काम करतोय. हे मला त्या वेळी माहीत असतं तरी मी थांबवलं असतं की नाही, सांगता येत नाही.

फाइल सरकारी वकिलांकडे पाठवायची वेळ आली. चौकशीचं ध्वनिमुद्रण आणि टंकलेखन ताडून बघायचं काम माझ्या सहकारी कॉन्स्टेबलकडे होतं. एका सकाळी ती कानाला हेडफोन लावून बसली होती. तिने मला हाक मारली.

"सार्ज, इथे एक जागा रिकामी आहे. टंकलेखनात लिहिलंय, 'परकी भाषा, नोंद नाही'. काय म्हणाला तो?"

"काही नाही. मराठीत बोलायला लागला होता, मी थांबवलं."

"हो, थांबवलंत ते इंग्रजीत आहे. मी विचारतेय तो काय म्हणाला." तिने हेडफोन काढले. "माझ्या आजीला इंग्रजी धड येत नसे. ती वेल्शमध्ये बोलायला लागली की दवाखान्यात लोक असंच म्हणायचे, काही नाही, काही नाही. प्रत्येक वेळी काहीतरी असायचं."

तिने तो भाग मोठ्याने लावला. डॉक्टरचा आवाज आला, मागोमाग माझा. मी अडीच महिन्यांनी ते पहिल्यांदा ऐकत होतो. मग मला तिच्यासाठी त्याचं भाषांतर करावं लागलं. त्याने विचारलं होतं, की हा नंबर खरा असेल तर त्या नंबरचं खरं कार्ड कोणाकडे तरी असणार. त्या माणसाला तुम्ही विचारलं का?



"आणि आपण विचारलं का?" ती म्हणाली.

"नाही."

"सार्ज," ती म्हणाली, आणि कार्ड तपासणाऱ्या कंपनीला पाठवायच्या विनंतीचा फॉर्म उघडला.

इतका साधा प्रश्न. ज्याने नकली लेबलवर हा नंबर छापला त्याने तो कुठून तरी उचलला. दुसऱ्या कोणाच्या कार्डाचा नंबर चोरला असता, तर तो खरा मालक कधीतरी बोंब मारणार. माझ्या कार्डाचा नंबर त्याच्या डबीवर कसा, असं विचारणार. पण या नंबरचा मालक कधीच पुढे आला नव्हता. सहा सहा नकली कार्डं बाजारात फिरत असताना तो गप्प होता. गप्प राहण्यात त्याचा फायदा होता, म्हणूनच.

कंपनीचं उत्तर नऊ दिवसांनी आलं. मूळ कार्ड सहा वर्षांपूर्वी तपासणीसाठी पाठवणारा माणूस, आमचा तज्ज्ञ. आमच्या खोलीत चहा पिऊन गेलेला.

मग आम्ही सहाही नकली कार्डं एका ओळीत मांडली आणि भिंगाखाली पाहिली. प्रत्येकावर खेळाडूच्या कानाजवळ शाईचा एकच बारीक ठिपका. कंपनीच्या वेबसाइटवरच्या फोटोत तेवढ्याच जागी डबीवर उजेडाची चकाकी आली होती, ठिपका दिसत नव्हता. म्हणजे फोटोवरून कोणी नक्कल केलेली नव्हती. नक्कल करणाऱ्याच्या हातात मूळ कार्डच होतं. आणि डॉक्टरने पैसे भरले होते त्या खात्याची माहिती, जी मी मागवली होती पण जिचा पुढे पाठपुरावाच केला नव्हता, तीही आता आली. खातं एका बाईच्या नावावर होतं. ती त्या ग्रुपवाल्याची आई. ती चार वर्षांपूर्वी वारली होती.

त्याच्याकडे मात्र मी न्यायाधीशांकडून रीतसर वॉरंट घेऊन गेलो. त्याच्या मागच्या खोलीत छपाईचं यंत्र, कोऱ्या डब्यांचं खोकं, डबी बंद करायचं हातातलं यंत्र आणि लेबलांची भेंडोळी होती. मूळ रुकी कार्ड टेबलाच्या खणात मऊ कापडात गुंडाळून ठेवलं होतं. कानाजवळ ठिपका होता. तो दारात उभा राहून म्हणाला, "सार्जंट, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय." त्याच आवाजात, ज्या आवाजात तो मला अडीच महिने मदत करत होता.

चौकशीत त्याच्याबरोबर चांगला महागडा वकील होता. पहिली चाळीस मिनिटं प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, मला काही बोलायचं नाही. तो त्याचा हक्क होता. मी या वेळी घाई केली नाही. एकेक कार्ड समोर ठेवलं, ते कोणी घेतलं होतं ते सांगितलं. बस चालवणारा एक माणूस. एक शाळेतली स्वयंपाकीण, तिने ते गेलेल्या भावाच्या आठवणीसाठी घेतलं होतं. मग डॉक्टरने त्याला केलेले संदेश वाचून दाखवले. डॉक्टरने त्याला सात शाळांची, हॉस्पिटल क्वार्टर्समध्ये राहिलेल्या डब्याची सगळी गोष्ट लिहिली होती. घ्यावं का, म्हणून विचारलं होतं. याने उत्तर दिलं होतं, 'घ्या. इतकी वर्षं वाट पाहिलीत.'

"हे तुम्ही लिहिलंत," मी म्हणालो. "स्वतः छापलेल्या कार्डाबद्दल."

तेव्हा तो बोलला. वकिलाने थांबवायला त्याच्या हातावर हात ठेवला तरी बोलला.

"तुम्हाला ही माणसं माहीत नाहीत, सार्जंट. त्यांना कार्ड नको असतं. त्यांना पुन्हा दहा वर्षांचं व्हायचं असतं. ते मी त्यांना दिलं. कंपनीने सांगेपर्यंत तो डॉक्टर खूश होता की नव्हता? वर्षभर रोज बघत होता. त्याचं काय नुकसान झालं?"

"आणि त्याचं नाव आमच्याकडे का आणलंत?"

त्याने खांदे उडवले. "कोणीतरी प्रश्न विचारणारच होतं. तो लगेच घाबरणाऱ्यातला वाटला. आणि तुम्हीही काही फार विचारलं नाहीत."

अठ्ठावीस वर्षांत मी चौकशीच्या खोलीत कुणावर हात उगारला नाही. त्या दिवशी मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. तो जे शेवटचं म्हणाला ते खरं होतं, आणि त्याचा मला जास्त संताप आला.

त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. कबुली दिल्याची सवलत, आधी कधी गुन्हा नाही त्याची सवलत, आणि छंदाच्या क्षेत्रात किती सेवा केली याची लोकांनी लिहिलेली पत्रं. शिक्षा निलंबित झाली. तुरुंगात एक दिवसही गेला नाही. कोर्टाच्या पायऱ्यांवर तो माझ्याशी हात मिळवायला पुढे आला. मी हात खिशातून काढला नाही.

डॉक्टरला आमच्याकडून पत्र गेलं. पुढील कारवाई होणार नाही, एवढंच. दोन ओळी. छापील नमुना असतो तो, त्यात क्षमा मागायला जागा नसते. हॉस्पिटलने त्याला परत कामावर घेतलं, नोंदणी संस्थेला मात्र प्रकरण बंद करायला आणखी सात महिने लागले.

मी त्याच्या घरी गेलो, सुट्टीच्या दिवशी, एकटा. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि बाजूला झाली. डॉक्टर बैठकीच्या खोलीत होता. जप्त केलेली कार्डं आम्ही परत केली होती, खोकी अजून पोलिसांची चिकटपट्टी लागलेलीच भिंतीपाशी होती. मी मराठीत बोलायला सुरुवात केली. चूक माझी होती, तुम्ही योग्य प्रश्न विचारला होता, मी तो ऐकला नाही.

त्याने मला इंग्रजीत उत्तर दिलं. "धन्यवाद, सार्जंट. कळलं."

"मला खरंच..."

"मी रोज भिंगातून बघून निर्णय देतो," तो इंग्रजीतच म्हणाला. "चुकलो तर एखाद्याचं पोट विनाकारण कापलं जाईल. म्हणून मी दोनदा बघतो. तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी काय बोलू?"

त्याची बायको मला दारापर्यंत सोडायला आली.

"त्यांना सॉरी म्हणून काही उपयोग नाही," ती म्हणाली. "ज्यांनी आम्हाला फोन करणं बंद केलं ना, त्यांना सांगा जाऊन. आम्ही सांगितलं तर त्यांना वाटतं, हे तर असंच म्हणणार."

नोकरीत होतो तोवर मला जाहीर बोलता येत नव्हतं. निवृत्त झालो त्या वर्षी मंडळाच्या स्नेहसंमेलनात मी अध्यक्षांकडून पाच मिनिटं मागून घेतली. डॉक्टर आणि त्याची बायको नव्हते, ते आता येत नाहीत. मी माईकवर सगळं सांगितलं. अटक अशी झाली, गरज नसताना झाली, मी केली. त्याने मला मराठीत प्रश्न विचारला आणि मी त्याला गप्प केलं. सभागृहात चुळबुळ झाली. काही जण प्लेटमध्ये बघत बसले. खाली उतरल्यावर ओळखीचे एक गृहस्थ जवळ आले. जुने, सज्जन, डॉक्टरच्याच गल्लीत राहणारे. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जाऊ द्या हो आता. झालं ते झालं."

"झालं नाही," मी म्हणालो. "मी केलं. आणि नंतर तुम्हीही केलंत."

त्यांनी पाठीवरचा हात काढून घेतला. आमचं बोलणं त्यानंतर जवळजवळ बंदच आहे.

नवीन भरती झालेल्या पोलिसांपुढे बोलायला मला अधूनमधून बोलावतात. त्यांना मी दोन गोष्टी सांगतो. स्वच्छ फाइल घेऊन आलेल्या माणसाला आधी विचारा, की तुमचा यात काय संबंध. आणि ज्याची चौकशी करताय त्याला वाक्य पुरं करू द्या, मग ते कुठल्याही भाषेत असो. आपल्या माणसावर मेहरबानी करू नये, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. त्याच्यावर जास्तीचा आसूड ओढणं हाही पक्षपातच असतो, हे कळायला मला अठ्ठावीस वर्षं लागली, आणि त्याची किंमत मी भरलेली नाही.